घोडा मरतो, उंदीर वाचतो : हृदयाची गोळी आणि सोरायसिसचा प्रयोग

डिसेंबरातली भरीत पार्टी. तापीकाठच्या शेतात कापसाच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती आणि अमळनेरकडून आलेले नाना शाल सावरत जाळाशी बसले होते. शाल घसरली तसे दोन्ही कोपरांवरचे चंदेरी पापुद्रे दिसले. कुणी काही बोलायच्या आत नाना स्वतःच हसले. म्हणाले, वांग्याची साल आणि माझी साल थंडीत सारखीच सुटते. वीस वर्षांचा जुना सोरायसिस आहे त्यांचा. (पंगतीत एक पोरगं ताट घेऊन जरा लांब सरकलं. सोरायसिस शिवून, जेवून, एका पंचाने अंग पुसून कुणालाही लागत नाही. पोराला ते सांगितलं, तेव्हा ते परत जवळ आलं.)

नानांना दुसरंही दुखणं आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून तीन वर्षांपासून डिगॉक्सिन चालू आहे. ०.२५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी, आठवड्याचे पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर ती अशीच लिहून देतात. त्यांचा पुतण्या शिरपूरला बी. फार्म. करतो. त्याने दिवाळीत घरी सांगितलं, की डिगॉक्सिनने उंदरांमधली एक प्रकारची सूज ओसरते आणि सोरायसिससारख्या सुजेवरही अशी औषधं उंदरांत तपासतात. मी औषधशास्त्र शिकवतो, त्यामुळे अशा बैठकीत माझी सुटका नसते. नानांनी घास हातातच ठेवून विचारलं, "मास्तर, उंदीरस्ले गुण उना, मंग माले का बरं उना नही?"

प्रश्न बिनतोड होता. तीन वर्षं जो माणूस तीच गोळी गिळतोय, त्याच्या कोपरावर तीच खपली आहे. मग प्रयोग खोटा की नानांची गोळी खोटी?

दोन्ही खऱ्या आहेत. पण त्यासाठी आधी कातडीत काय चाललंय ते बघावं लागतं.

आपली कातडी खालून वर वाढते. तळाला तयार झालेली पेशी वर सरकत, पिकत, वाळत पृष्ठभागावर येते आणि झडते. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तोच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. कच्चा माल बाजारात येऊन पडावा तशा अर्धवट तयार पेशी वर येतात, एकमेकींना चिकटून राहतात आणि त्यांचे थर साचतात. ते पापुद्रे. खालच्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून लाली. ही घाई कातडी आपणहून करत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा तिला हाकत असते. तिच्यातल्या काही पेशी 'आयएल-२३' नावाचा निरोप धाडतात, तो 'टीएच-१७' नावाच्या पांढऱ्या पेशींना जागं ठेवतो आणि त्या पेशी 'आयएल-१७' सोडतात. तो कातडीपर्यंत पोचला की ती घाईला लागते. ही साखळी माणसातही खरी आहे, याला पुरावा आहे: आयएल-१७ अडवणारी इंजेक्शनं २०१५ पासून सोरायसिससाठी वापरात आहेत आणि बऱ्याच रुग्णांची कातडी त्यांनी जवळजवळ स्वच्छ होते. ती महाग आहेत, हा भाग वेगळा. म्हणून जुन्या, स्वस्त, कुठल्याही मेडिकलवर मिळणाऱ्या गोळीत हाच गुण सापडतो का, हे शोधण्याचा मोह संशोधकांना होतो. तो मोह मला रास्त वाटतो.

डिगॉक्सिनचा इथे संबंध २०११ साली जुळला. टीएच-१७ पेशी टीएच-१७ होते ती तिच्या आतल्या 'आरओआर-गॅमा-टी' या एका प्रथिनामुळे. मोटारीचा स्टार्टर समजा. तो दाबला गेला तर आयएल-१७चं पाणी चालू. न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगशाळेने हा स्टार्टर अडवणारं रसायन शोधायला हजारो रसायनं चाळली आणि हाती लागलं डिगॉक्सिन. डिजिटॅलिस नावाच्या विलायती झाडापासून निघणारं, १९३०पासून शुद्ध रूपात माहीत असलेलं, हृदयाचं औषध! त्याच कुळातल्या झाडाची पानं इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरने सूज आलेल्या रोग्यांना दिली आणि १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं, इतकी ही ओळख जुनी. २०११च्या प्रयोगात उंदरांना मेंदू-मज्जारज्जूचा एक दाहक आजार जडवला होता. डिगॉक्सिन टोचलेल्या उंदरांमध्ये तो सौम्य राहिला.

आता नानांचा हिशेब. हा मी तिथेच, दिनदर्शिकेच्या फाटक्या पानाच्या मागे मांडून दाखवला.

स्टार्टर निम्मा अडवायला परीक्षानळीत डिगॉक्सिन लागलं ते सुमारे दोन मायक्रोमोलर. साध्या मापात, एका मिलिलीटरमध्ये अंदाजे १,५०० नॅनोग्रॅम. नानांच्या रक्तात डॉक्टरांना हवी असलेली पातळी किती? ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम. दोनच्या वर गेली की विषबाधेची भीती: मळमळ, उलट्या, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणं आणि शेवटी ठोक्यांचा गोंधळ. म्हणजे जिथे दोनवर धोका सुरू होतो तिथे कातडीच्या कामासाठी दीड हजार हवेत.

दुसऱ्या बाजूनेही मोजून बघा. त्या उंदरांना दिवसाला ४० मायक्रोग्रॅम दिलं होतं. उंदीर वीस ग्रॅमचा धरला तर किलोमागे २ मिलिग्रॅम. उंदराची मात्रा माणसाला लावताना वजनाने सरळ गुणत नाहीत, कारण लहान जीव औषध भराभर संपवतो. ढोबळमानाने बाराने भागतात. तसं भागूनही साठ किलोच्या माणसाला रोज १० मिलिग्रॅम येतात. ०.२५च्या चाळीस गोळ्या. एवढं डिगॉक्सिन एकदम पोटात गेलं तर धडधाकट माणसाचंही हृदय थांबू शकतं.

नाना हिशेबाच्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चायीस गोया रोज? मंग उंदीर कसा वाचना?"

खरा मुद्दा हाच आहे, आणि तो समजायला आपल्याला सारंगखेड्याला जावं लागेल.

शहादा तालुक्यात तापीच्या काठावर दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. तिथल्या कुठल्याही जुन्या घोडेवाल्याला विचारा, घोडा कण्हेरीजवळ बांधशील का? बांधणार नाही. संस्कृतात कण्हेरीचं एक नावच 'अश्वमारक' आहे, घोडा मारणारी. कण्हेर, पिवळी कण्हेर (जिच्या बिया आपण 'बिट्टी' म्हणून लहानपणी खेळायला घेत असू) आणि बांधावरची रुई, या तिघींच्या चिकात डिगॉक्सिनच्याच जातकुळीची विषं आहेत. नातं किती जवळचं? श्रीलंकेत पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्लेल्या रोग्यांवर डिगॉक्सिनचाच उतारा वापरून बघितला, आणि तो लागू पडला. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

ही विषं शरीरात जाऊन धरतात ती एक पंप. शेतकऱ्याला हे सांगणं सोपं जातं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियमचा पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, अखंड. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी तो १९५७ साली दाखवला, १९९७ साली नोबेल मिळालं. डिगॉक्सिन या पंपाला बाहेरून बुच मारतं. थोडेच पंप बंद पडले तर हृदयाच्या पेशीत सोडियम साचतं, त्यामागोमाग कॅल्शियम टिकतं आणि आकुंचन जोरकस होतं. शिवाय मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या एका नसेमार्फत ठोक्यांचा वेगही आवरतो. नानांना ती त्यासाठीच दिली आहे. जास्त पंप बंद पडले तर हृदय बेताल होतं. औषध आणि विष यांतलं अंतर इतकं कमी असलेल्या गोळ्या रोजच्या वापरात फार नाहीत.

आणि उंदराचं काय? उंदराच्या मुख्य पंपावर, हे बुच जिथे बसतं तिथेच, दोन ठिकाणी अमिनो आम्लं बदललेली आहेत. बुच नीट बसतच नाही. माणसाच्या पंपापेक्षा उंदराचा हा पंप शेकडो पटींनी निगरगट्ट आहे. रुईची पानं आरामात खाऊन वाढणारी पट्टेदार अळी पाहिली असेल. तिच्या नात्यातल्या अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखरानेही पंपात असाच बदल करून घेतला आहे. निसर्गाने एकच युक्ती अळीलाही दिली आणि उंदरालाही. घोड्याला नाही, बैलाला नाही, आपल्याला नाही.

म्हणून चाळीस गोळ्यांचा डोस उंदीर पचवतो. त्याच्या शरीरात डिगॉक्सिन पंपाला फारसं न अडकता स्टार्टरपर्यंत पोचू शकतं. माणसाच्या पेशीत ते आधी पंपाशीच अडकतं, आणि स्टार्टर दिसायच्या आत पेशी आजारी पडते. त्याच २०११च्या संशोधकांना हे माहीत होतं. म्हणूनच त्यांनी डिगॉक्सिनच्या रेणूत फेरफार करून माणसाच्या पेशींना न मारता स्टार्टर अडवणारी भावंडं बनवली. माझ्या मते त्या कामाचा मोठा निष्कर्ष हा होता, आणि तो बाहेर सांगताना नेमका गळतो.

आता सोरायसिसचा उंदीर. त्याच्याबद्दलही एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: उंदराला सोरायसिस होतच नाही. तो 'करावा' लागतो. त्यासाठी वापरतात इमिक्विमॉड नावाची ५ टक्क्यांची मलम. ही मुळात माणसाच्या चामखिळींसाठीची. अमेरिकेत १९९७ साली तिला मान्यता मिळाली. ती कातडीतल्या विषाणू ओळखणाऱ्या घंटेवर बोट ठेवते आणि संरक्षण यंत्रणा धावून येते. काही रुग्णांमध्ये ही मलम लावल्यावर दबलेला सोरायसिस उसळल्याचं डॉक्टरांना दिसलं. त्यावरून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांनी २००९ साली उंदराची पाठ भादरून रोज ६२.५ मिलिग्रॅम मलम लावली. दोन-तीन दिवसांत लाली, मग जाडी, मग पापुद्रे. सूक्ष्मदर्शकाखाली चित्र सोरायसिससारखं, आणि त्यामागे आयएल-२३ व आयएल-१७चीच साखळी. पाच-सहा दिवसांत प्रयोग पुरा. स्वस्त आणि झटपट, म्हणून जगभर पसरला.

समजा, पुतण्याच्या वर्गाला डिगॉक्सिनचा असा प्रयोग आखायला दिला. विद्यार्थी पटकन दोन गट करतात: मलमवाले उंदीर, आणि मलम अधिक औषधवाले उंदीर. मी त्यांना परत पाठवतो. नुसती साधी मलम लावलेला गट कुठाय? इमिक्विमॉडच्या त्या मलमीत मिसळलेलं एक तेलकट आम्ल एकट्यानेही कातडी सुजवतं, हे २०१३ मध्ये दिसून आलं आहे. ज्याचा गुण माहीत आहे अशा औषधाचा गट कुठाय? आणि इमिक्विमॉड न लावता फक्त डिगॉक्सिन दिलेला गट? तो सगळ्यांत जास्त विसरला जातो आणि इथे सगळ्यांत जास्त लागतो.

कारण असं. आजारी उंदीर खात नाही, त्याचं वजन उतरतं, शरीर ताणात जातं आणि त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी नैसर्गिक स्टेरॉइड सोडतात. स्टेरॉइडने सूज ओसरते. म्हणजे औषधाने उंदराला नुसतं बेजार केलं तरी पाठ बरी दिसू शकते! डिगॉक्सिनसारख्या औषधात ही शंका घ्यायलाच हवी. त्यामुळे रोज वजन, खाणंपिणं, शेवटी रक्तातली औषधाची पातळी, हे सगळं लालीच्या गुणांइतकंच महत्त्वाचं. वर इमिक्विमॉडनेही उंदराचं वजन घटतं आणि प्लीहा वाढते, शिवाय उंदीर एकमेकांची पाठ चाटतात आणि मलम पोटात जाते. कातडीचा म्हणून मांडलेला प्रयोग असा सगळ्या अंगाचा होऊन बसतो.

गुण कसे देतात? लाली, पापुद्रे, जाडी, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण बारा. गुण देणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसावं. आपला हात आपल्याला हव्या त्या आकड्याकडे वळतो, यात बेइमानी नसते, माणूसपण असतं. जाडी मात्र मोजपट्टीने मोजता येते, तिथे डोळ्याला सवड नाही.

आणि औषध कधी सुरू केलं? बहुतेक वेळा मलमीच्या पहिल्याच दिवशी. म्हणजे सूज यायच्या आधी. मलम थांबवली की उंदराची पाठ आपोआप बरी होते. नानांच्या कोपरावर वीस वर्षांचं बस्तान आहे. येऊ घातलेला पूर बांध घालून अडवणं आणि वीस वर्षं साचलेलं पाणी उपसणं ही दोन कामं आहेत. उंदराची कातडीही वेगळी: केसाळ, पातळ, आणि तिच्यात आयएल-१७ मोठ्या प्रमाणावर सोडतात त्या 'गॅमा-डेल्टा' नावाच्या पेशी, माणसातल्यापेक्षा वेगळ्या जातीच्या.

मग हा प्रयोग करायचाच कशाला? 'साखळीतली ही कडी अडवली तर जिवंत कातडीत फरक पडतो का?' या प्रश्नाचं उत्तर परीक्षानळी देत नाही, म्हणून. तेवढ्या प्रश्नाला उंदीर बरं उत्तर देतो. 'नानांनी किती गोळ्या घ्याव्या?' हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो. आपल्याकडे असा प्रयोग करायचा तर कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीपुढे उंदरांची संख्या एकेक करून पटवून द्यावी लागते, १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. चुकीचा गट आखून वाया घालवलेले सहा उंदीर मला तरी समितीच्या सहीपेक्षा जास्त टोचतात.

गोष्ट आणखी एका जागी वाकडी जाते. २०१९ मध्ये पोलंडमधल्या संशोधकांनी माणसाच्या पेशींवर दाखवलं, की कमी मात्रेत डिगॉक्सिन त्याच स्टार्टरला अडवण्याऐवजी चेतवू शकतं. ती 'कमी' मात्राही नानांच्या रक्तातल्या पातळीच्या कितीतरी वरची होती, त्यामुळे गोळीने त्यांचा सोरायसिस वाढला असं म्हणायला यात काही नाही. पण जास्त दिल्यावर जे होतं त्याचाच थोडा भाग कमी दिल्यावर होईल, हे गृहीत धरणं किती धोक्याचं आहे ते यातून दिसतं.

यातून काही निघणार असेल तर दोन वाटांनी. पंपाला न धरणारी भावंडं, ही एक. दुसरी, गोळीऐवजी लेप. डिगॉक्सिन आणि लघवीचं औषध फ्युरोसेमाइड एकत्र करून बनवलेलं जेल नेदरलँड्समध्ये माणसांच्या चामखिळींवर तपासलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१८ चे, आणि चामखिळी लहान झाल्या होत्या. चामखीळ म्हणजे सोरायसिस नव्हे, पण कातडीवर लावून हे औषध वापरता येतं, एवढं कळलं.

नानांची पिशवी मात्र मी उघडायला लावली, कारण हृदयाच्या औषधांचा आणि सोरायसिसचा एक जुना, माणसांमध्ये पाहिलेला संबंध आहे आणि तो उलट दिशेचा आहे. रक्तदाब आणि धडधडीसाठी देतात त्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या काही रुग्णांमध्ये सोरायसिस उसळवतात. त्यातली प्रॅक्टोलॉल नावाची गोळी तर ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात मागे घ्यावी लागली. तिने लोकांच्या अंगावर सोरायसिससारखे चट्टे उठले आणि डोळे बिघडले. प्राण्यांवरच्या तपासणीत यातलं काही दिसलं नव्हतं, नंतर मुद्दाम घडवून आणायला गेले तरी प्राण्यांत ते होईना. उंदीर काही वेळा 'हो' म्हणतो आणि माणूस 'नाही' म्हणतो, हे आपण ऐकलेलं असतं. हा त्याच्या उलटचा दाखला.

पिशवीत बीटा ब्लॉकर निघाली. पण सोरायसिस वीस वर्षांचा आणि ही गोळी दोन वर्षांची, आणि या दोन वर्षांत तो फार वाढला असं नानांना वाटत नाही. तरी कातडीच्या डॉक्टरांना सगळ्या पट्ट्या दाखवा, असं सांगितलं. ते काकूंनाही सांगितलं, कारण नाना विसरतात. आणि मनाने एकही गोळी बंद करायची नाही. बीटा ब्लॉकर एकदम थांबवली तर हृदय उसळतं.

निघताना नानांचा पुतण्या बांधावरून कण्हेरीची फांदी तोडून आला. हिच्यात तेच आहे ना सर, मग पानं वाटून कोपराला लावली तर? करवीराचं, म्हणजे कण्हेरीचंच, तेल त्याच्या आजीला माहीत होतं. मी म्हटलं, भेगाळलेल्या कातडीतून विष आत जातं, किती जाईल ते कुणी मोजलेलं नसतं, आणि काकांच्या रक्तात आधीच अर्धी गोळी आहे. त्याला पटलं. त्याने फांदी विझत्या जाळात टाकायला हात उचलला, तो मी धरला. कण्हेरीचा धूरही वाईट. जाळाच्या पलीकडे बैल बांधलेले होते, तेव्हा बांधावर टाकणंही जमेना. शेवटी त्याने कुदळ घेतली आणि विहिरीपासून लांब हातभर खड्डा खणला.